फडातलं लेकरू

चि. सोनीस,


बाळाला ऑफिसच्या पाळणाघरात जागा मिळाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. ५० माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता यावं, हा २०१७ पासूनचा नियम तुझ्या तरी उपयोगी पडला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अंगणवाडीताईंबरोबर उसाच्या फडावर गेले होते. बीडकडची ऊसतोडीची टोळी. आईबाप पहाटेच भाकऱ्या थापून तोडीला गेलेले. दीड वर्षाचं पोर बैलगाडीखाली झोळीत, आणि झोका द्यायला नऊ वर्षांची बहीण. तिची शाळा गावाकडं राहिली. पोराच्या मुठीत सोललेलं उसाचं कांडं होतं. ताईंनी त्याच्या दंडाला कुपोषण तपासायची रंगीत पट्टी लावली. पावणेबारा सेंटीमीटर. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकराच्या खाली लाल. हा मधला पिवळा. "काय भरवलंस गं?" ताईंनी विचारलं. पोरगी म्हणाली, "भाकर कडक झाली, त्याला चावत न्हाई."

या वयाला मऊ, ताजं, थोडं थोडं असं दिवसातून तीन-चारदा भरवावं लागतं. तीन वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून घरी शिधा मिळतो.  पण याचं नाव गावच्या अंगणवाडीत, आणि हा इथं फडात. समजा, शिध्याचं पाकीट इथं आलंही. चूल पेटवायची कुणी? त्या पोरीनं?

एका कारखान्याचा ऊस हजारो माणसं तोडतात. तरी पाळणाघरासाठी लागणारा ५० चा आकडा कुठंच भरत नाही! आगाऊ उचल मुकादम देतो, तीही नवराबायकोच्या जोडीला मिळून. दोघांचा मिळून एक कोयता. कारखान्याच्या हजेरीपटावर त्या बाईचं नावच नाही. मला याचा फार संताप येतो गं. टोळीतल्याच दोघी बायांना रोज देऊन कोप्यांपाशी मुलं सांभाळायला बसवलं, खिचडीचं एक पातेलं चढवलं, तरी ती पोरगी शाळेत जाईल. कारखान्याला हे जड नाही. ताई आणि मी तसा अर्ज लिहितोय.

तुझ्याकडं एक काम आहे. तुमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बायका ठेकेदाराच्या आहेत, असं तू म्हणाली होतीस. त्यांची लेकरं दिवसभर कुणापाशी असतात? तुमच्या पाळणाघरात त्यांना घेतात का? विचार आणि मला कळव.

तुझी,
मावशी