शाळेची जीप आणि उतरणारी बॅटरी

स्मरणिकेत सहसा इमारतींची, निकालांची आणि पाहुण्यांच्या भेटींची नोंद होते. ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूंच्या आधारावर निवासी शाळेचा दिवस उजाडतो आणि मावळतो, त्या वस्तू नोंदीबाहेर राहतात. दप्तरात नसलेल्या गोष्टींनाही इतिहास असतो, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. म्हणून आमच्या वाट्याला आलेली ही दोन पाने आम्ही शाळेच्या जुन्या डिझेल जीपला, आणि त्यातही २०११ सालच्या तिच्या दुखण्याला देत आहोत.

ही महिंद्राची जीप शाळेकडे आली तेव्हाच ती दुसऱ्या हातची होती. पांढरकवड्याच्या बाजारातून धान्य व भाजी आणणे, कार्यालयीन कामासाठी यवतमाळ गाठणे, सुट्टी लागली की झरी-जामणी व घाटंजी तालुक्यांतील लहान मुलांना घरी पोहोचविणे, ही तिची कामे. मात्र तिचे खरे मोल रात्री कळत असे. वसतिगृहात दोनशे लेकरे झोपलेली असताना अंगणात उभी असलेली गाडी चालू होईल, एवढा भरवसा आम्हाला पुरेसा वाटे.

त्या वर्षी मे महिन्यात तो भरवसा डळमळला. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या सकाळी किल्ली फिरवावी आणि सेल्फने नुसते टक् करून गप्प बसावे. मग मुलांनी धक्का द्यायचा, दुसरा गियर टाकून क्लच सोडायचा आणि धूर ओकत गाडी सुरू व्हायची. मुलांना त्यात मौज वाटे. निदाने अनेक झाली. कोणी उन्हाळ्याला दोष दिला. तो अगदीच निराधार नव्हता. आमच्या भागात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, बॅटरीतील पाणी आटते आणि शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात. कोणी डायनॅमोकडे बोट दाखविले. एका दुकानदाराने बॅटरीच गेल्याचे छातीठोकपणे सांगितले. जूनमध्ये सत्तर अँपिअर-तासांची नवी बॅटरी बसविली. शाळा सुरू झाली, गाडी रोज धावू लागली आणि दुखणे गेले असे सर्वांना वाटले.

श्रावणात सलग दोन दिवस झड लागली. गाडी जागची हलली नव्हती. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास सहावीतील एका मुलाला न्हाणीघराजवळ साप चावला. आम्ही त्याला जीपमध्ये निजविले, पाय हलू दिला नाही आणि किल्ली फिरविली. टक्. काळ्या मातीच्या चिखलात नववी-दहावीची बारा मुले गाडी ढकलीत होती. चाके रुतत होती. फाटकापाशी उतार लागला तेव्हा कुठे इंजिनाने धरले. सुमारे वीस मिनिटे गेली होती. मूल वेळेत रुग्णालयात पोहोचले, लस मिळाली आणि ते वाचले. परंतु सर्पदंशात वीस मिनिटे म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

पुढच्याच सभेत गाडी विकून टाकण्याची सूचना आली. दुसरी घेण्याइतका पैसा नव्हता. त्याच आठवड्यात शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. आयटीआयमधून तो मोटारीच्या विजेचे काम शिकला होता. आमची कैफियत ऐकून तो म्हणाला, "सर, आणखी काही बदलण्याआधी वीज कुठे सांडते ते मोजून पाहू."

त्याची रीत इथे सविस्तर देतो, कारण ती कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडते. गाडी बंद, किल्ली बाहेर, दारे लावलेली. बॅटरीचा ऋण टर्मिनल सोडवून त्याने ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. असल्या जुन्या गाडीत उभ्या स्थितीत वीज जवळजवळ वाहूच नये, मीटर ०.७ अँपिअर दाखवीत होता. मग तो एकेक फ्यूज काढीत गेला. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्या वाटेवर गळती असते. इथे सगळे फ्यूज निघाले तरी आकडा हलेना. तेव्हा तो फ्यूजपेटी सोडून थेट बॅटरीकडे आला. धन टर्मिनलवरून एक जादा वायर निघून आसनाखाली गेली होती. तिच्या टोकाला शाळेचा अँप्लिफायर होता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वायरमनने तो थेट बॅटरीवर जोडला होता. कर्णा उतरला, अँप्लिफायर राहिला. त्याची कळ आतून चिकटली होती आणि दिवा गेलेला होता. बंद दिसत असूनही तो रात्रंदिवस वीज पीत होता.

त्याने मुलांना फळ्यावर हिशेब मांडायला लावला. ०.७ अँपिअर गुणिले ४८ तास म्हणजे ३३.६ अँपिअर-तास, दोन दिवसांत जवळजवळ अर्धी बॅटरी रिकामी. पण अर्ध्या बॅटरीनेही गाडी एखादे वेळी सुरू व्हायला हवी होती. म्हणून तो तिथे थांबला नाही. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट दिसावेत, ते १२.९ दिसले, पट्टा सैल होता, त्यामुळे बॅटरी कधी पुरती भरतच नव्हती. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. त्यामुळे सेल्फला हवा तेवढा प्रवाह मिळत नव्हता. दोष तीन होते. एकेकटा असता तर गाडीने निभावून नेले असते. झडीच्या रात्री तिन्ही एकत्र आले. दुरुस्तीचा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या आसपासही गेला नाही.

या प्रसंगी आम्हाला चाळीसगाव आठवले. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्य उतारूला नेण्यास नकार दिला. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील ज्या माणसाने लगाम धरले, त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडाला लागले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हा प्रसंग आपण अपमानाचा म्हणून सांगतो, तसा तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. वाहन हाती येणे आणि वाहनाची विद्या हाती येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आपल्या माणसांपासून पिढ्यानुपिढ्या दूर ठेवली गेली. जीप आमची होती. तिच्या पोटात काय चालते, हे मात्र दुकानदार सांगेल तेच खरे, अशी स्थिती होती.

म्हणून त्या ऑगस्टमध्ये एक वही घातली. दर रविवारी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी नववीचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, बॅटरीचे व्होल्ट मोजून तारखेसह लिहितात. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि तशीच पडून राहिल्यास पट्ट्यांवर गंधकाम्लाचे क्षार घट्ट बसून ती कायमची दुबळी होते. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, नळाचे नाही. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा व कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून व्हॅसलीन लावायचे. वायर सोडताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील बॅटरी मुलांना इथे प्रत्यक्ष भेटते. शिसे व आम्लाची ही पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ येईपर्यंत मोटारी हँडल मारूनच सुरू कराव्या लागत, हे सांगितले की मुले जीपकडे वेगळ्या नजरेने पाहतात. या वहीतून निघालेल्या काही मुलांनी पुढे आयटीआयची वाट धरली. एक मुलगी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेत आहे.

वहीची आता चौथी पुस्तिका सुरू आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. वर्धापनदिनी हारतुरे आणण्याऐवजी चालू स्थितीतील एखादा मल्टीमीटर किंवा पान्यांचा संच आणावा. शाळेत मीटर एकच आहे आणि रविवारी त्यासाठी मुलांची रांग लागते.