हिरवट की मातकट?

आमच्या हॉलसाठी आता दोनच रंग उरलेत. दोन्ही लोकांना हिरवट दिसतात, पण हिरव्या रंगाचा थेंबही दोघांत नाही. दुकानातल्या मशीनने पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड आणि काळा सोडला. पिवळ्यात काळा मिसळला की डोळ्यांना हिरवट दिसतं. दुसऱ्या डब्यात थोडा लाल ऑक्साइडही पडला. लाल हिरवटपणा मारतो, म्हणून तो बेजकडे झुकला.

भिंतीवर दोन हात देऊन दोन मोठे पट्टे मारून घेतले. बावधनच्या या फ्लॅटचा हॉल उत्तरेला उघडतो. थेट ऊन नाही, उजेड जरा निळसर. त्यात पहिला पट्टा सकाळी सरळ हिरवा, दुसरा करडा. रात्री पिवळा दिवा लावला की पहिला मातकट होतो आणि दुसरा चक्क चहा सांडल्यासारखा! अम्मी म्हणते, "दोनो एकच तो हैं." तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. पिकलेल्या भिंगातून सगळंच पिवळसर दिसतं, तिचाही इलाज नाही.

धाकटा भाऊ मात्र गंभीर होता. "भाईजान, बेजच घ्या. दार उघडं असलं की लिफ्टमधून हॉल दिसतो." अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर त्याने तीन घरं बदललीत. दोनदा नाव सांगताच फ्लॅट 'आत्ताच गेला' होता. त्याची भीती खोटी नाही. पण माझ्या पहिल्या स्वतःच्या घराची भिंत लिफ्टमधल्या लोकांना विचारून रंगवायची? आणि हिरवा म्हणून हट्टाने घ्यायचा, तर तेही त्यांनाच उत्तर देणं झालं. आमच्या गावात विठ्ठल मंदिराचा सभामंडप वर्षानुवर्षं पिस्ता रंगाचा होता आणि मशीद चुन्याने पांढरी. तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

इथल्या टेकड्या मे महिन्यात दुसऱ्या पट्ट्यासारख्या असतात, जुलैत पहिल्याच्याही पुढे जातात.

मी पहिला घेतला. करड्या भिंतीने अंधारा हॉल आणखी मरगळतो, एवढंच कारण. भावाला तेच सांगितलं. तो म्हणाला, "मग दाराला पडदा लावा." पडदा लावणार आहे, डासांसाठी. रामनदी जवळच आहे. पेंटर सोमवारी येतोय, छत पांढरंच ठेवतोय.