तोलेदोची कवाडं

तोलेदोच्या जुन्या गावात घरं फारशी दिसत नाहीत, दिसतात ती दारं. दोन्ही बाजूंना उंच भिंती, विटांच्या थरांमध्ये बसवलेले ओबडधोबड दगड, आणि डोक्याच्या बऱ्याच वर लोखंडी गजांच्या लहानशा खिडक्या. गल्ल्या कुठे कुठे इतक्या अरुंद, की एखादी मोटार आलीच तर जवळच्या दाराशी अंग चोरून उभं राहायचं. तसं उभं राहिलं की पाठीला खिळ्यांची गार डोकी लागतात. भिंतींवर नक्षी नाही, रंग नाही, दिखावा नाही. वाटसरूला जे काही दाखवायचं ते इथल्या लोकांनी दाराशी मांडून ठेवलंय, बाकी सगळं आत.

माद्रिदपासून दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर हे शहर ग्रॅनाइटच्या एका टेकाडावर बसलेलं आहे. ताहो नदीने त्याला तीन बाजूंनी वेढा घातलाय. रोमन आले, मग व्हिसिगॉथ राजांनी इथे राजधानी केली, आठव्या शतकात मुसलमानी सत्ता आली आणि १०८५ मध्ये कास्तीयचा राजा सहावा आल्फोन्सो आत आला. पुढे पहिल्या कार्लोसचा, म्हणजे पाचव्या चार्ल्स बादशहाचा दरबारही इथे भरत असे. मग १५६१ मध्ये दुसऱ्या फेलिपेने दरबार माद्रिदला हलवला आणि गावाची रया हळूहळू गेली. त्या वेळच्या तोलेदोकरांना ते केवढं लागलं असेल! पण आज या गल्ल्यांतून फिरताना मला त्या राजाचे आभार मानावेसे वाटतात. राजधानी इथेच राहिली असती तर रुंद रस्त्यांसाठी यातली निम्मी दारं पाडली गेली असती.

एखादं दार नीट पाहायचं तर आधी चौकट पाहावी. बऱ्या घरांना ग्रॅनाइटचे दोन उभे खांब आणि वर एकाच दगडाची आडवी तुळई. तिच्या कडेने कधी दगडातच कोरलेल्या गोळ्यांची ओळ असते. पंधराव्या शतकाच्या अखेरीची ही आवड इथे दारोदार दिसते. मधोमध घराण्याचं चिन्ह, आणि ते बहुधा पावसाने इतकं झिजलेलं, की सिंह आहे की किल्ला ते बोटांनी चाचपून ठरवावं. चौकटीत दोन कवाडं, उभ्या जाड फळ्यांची. फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या. म्हणून पुढून खिळ्यांच्या जितक्या रांगा मोजाव्यात तितक्या पट्ट्या मागे असणार. दाराचा सांगाडा पाठीमागे असला तरी तो असा दर्शनी भागावर उमटतो. खिळे लोहाराने एकेक करून घडवलेले. डोकी वाटीसारखी फुगीर, काही शिंपल्याच्या आकाराची. एका रांगेतही दोन डोकी तंतोतंत सारखी सापडत नाहीत, कुठे हातोड्याचा घाव जरा तिरका पडलाय, तर कुठे कड पातळ झालीय. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तीला रोखण्यासाठी होते. इथल्या खिळ्यांवर हात फिरवला तर तळव्याला फक्त गारवा लागतो. त्यांना रोखायचा असतो तो लाकडाचा स्वभाव. कास्तीयच्या पठारावर उन्हाळा कोरडा, भाजून काढणारा, हिवाळा हाडं गोठवणारा. फळ्या आकसतात, फुगतात, वाकू पाहतात आणि खिळे त्यांना धरून ठेवतात.

मोठ्या कवाडात एक दिंडी असते, रोजच्या ये-जा करण्यापुरती. आख्खं दार उघडायचं ते घोडागाडी आत घेताना, लग्नाला नाहीतर मर्तिकाला. काही दारांवर कड्या दोन: एक पायी येणाऱ्याच्या हाताशी आणि दुसरी पार वर, घोड्यावरून न उतरता ठोठावता यावी म्हणून. घोडे गेले, वरची कडी तिथेच आहे. तिच्याखालच्या लोखंडी पट्टीला अजून खळगा आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आपटून पडलेला.

दिंडी उघडी असली तरी आतलं घर नजरेला पडत नाही. आधी सागुआन नावाची काळोखी देवडी लागते, ती बहुधा वळण घेते आणि मग दुसरं दार. त्यापलीकडे चौक, झाडांच्या कुंड्या, एखादी विहीर. मुसलमानी अमलातल्या शहरांत दोन घरांची दारं अगदी समोरासमोर काढू नयेत असा दंडक होता, घरातली माणसं परक्याच्या नजरेपासून जपावीत म्हणून. सत्ता बदलली, घरं नव्याने बांधली गेली, पण घराने रस्त्याकडे पाठ करून बसायची ती रीत टिकली. मला यात तुसडेपणा वाटत नाही. ज्याने दारावर इतके कष्ट घेतलेत त्याला येणाऱ्याची किंमत आहे. फक्त आत कधी बोलवायचं ते तो ठरवणार.

घरांची दारं सोडून वेशीकडे वळलं की चित्र पालटतं. उत्तरेची नवी बिसाग्रा वेस सोळाव्या शतकात आलोन्सो दे कोवारुबियासने उभारली. तिच्या कमानीवर बादशहाचा दोन डोक्यांचा प्रचंड गरुड दगडात पंख पसरून बसलाय. भव्य आहे, नाही म्हणवत नाही. पण त्या वेशीशी मी फार वेळ रमले नाही, सत्तेचा दरारा एकदा पाहिला की पुरतो. थोडं चढून गेलं की पुएर्ता देल सोल, सूर्यद्वार लागतं. मी थांबले ती तिथे. चौदाव्या शतकातलं हे काम. कमान घोड्याच्या नालासारखी, वर विटांच्या कमानींची जाळी, एकीत दुसरी गुंतलेली. ते पाहून कुणीही म्हणेल, एखाद्या सुलतानाने बांधलंय. बांधून घेतलं मात्र ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाने, आणि कमानीवरच्या कोरीव चकतीत एका ख्रिस्ती संताची कथा आहे, बाजूला सूर्य आणि चंद्र. राज्य ख्रिस्ती झालं तरी बऱ्याच गवंड्यांची, सुतारांची, गिलावा करणाऱ्यांची घराणी मुसलमान राहिली होती, आणि मालक कुणीही असो, त्यांना येत होतं तेच ते उत्तम करत होते. या कलेला मुदेहार म्हणतात आणि आख्खं तोलेदो तिने भरलंय. चर्चच्या मनोऱ्यांवर मिनारांच्या कमानी आहेत आणि जुन्या सिनेगॉगचे खांब मशिदीतल्यासारख्या कमानी पेलून उभे आहेत.

सूर्यद्वाराच्या जवळच, चढावर, एक वास्तू आहे. साधारण आठ मीटर लांब, तितकीच रुंद. मूळची ती बाब अल-मर्दूमची मशीद. आता तिला क्रिस्तो दे ला लुस म्हणतात. आत चार खांब, त्यांची शीर्षं व्हिसिगॉथ काळातल्या कुठल्या तरी इमारतीची, काढून इथे वापरलेली. चार खांबांमुळे वर नऊ घरं पडतात आणि प्रत्येक घरावर कमानपट्ट्यांचा एकेक घुमट, नऊच्या नऊ वेगळे. कुठे पट्ट्या चांदणी करतात, कुठे चौकोनात चौकोन फिरवतात, कुठे मध्य रिकामा ठेवून कडेकडेने पळतात. एवढ्याशा जागेत त्या कारागिराला जे जे सुचलं ते सगळं त्याने करून पाहिलं. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले.

बाहेर आल्यावर मुख्य दर्शनी भिंतीवर, वरच्या कडेने जाणारी ओळ पाहावी. ती नक्षी नव्हे, लेख आहे, विटाच पुढेमागे रचून लिहिलेला, टोकदार अरबी कुफी लिपीत. अहमद इब्न हदीदीने ही मशीद स्वखर्चाने बांधवली, काम मूसा इब्न अलीच्या हाताखाली झालं, आणि साल हिजरी ३९०, म्हणजे इसवी सन ९९९ ची अखेर किंवा १००० ची सुरुवात. हजार वर्षांपूर्वीच्या एका स्थपतीचं नाव विटांत उभं आहे! बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच इमारतीला मागून अर्धगोल गाभारा जोडून तिचं चर्च केलं. जोडकामही विटांचंच, कमानींचंच, त्याच ढंगाचं. मूसाचं नाव कुणी खरवडलं नाही. त्या लेखाखाली उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, की या शहरातली दारं-कमानी ना सुलतानाच्या ना राजाच्या. त्या त्यांच्या आहेत ज्यांना त्या घडवता आल्या.

पश्चिमेच्या ज्यू वस्तीत मात्र हे समाधान टिकत नाही. तिथल्या सांता मारिया ला ब्लांकात पाच दालनं आहेत, अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि पांढऱ्याशुभ्र नालाकृती कमानी. सिनेगॉग म्हणून बांधली, पंधराव्या शतकात चर्च झाली, नाव तेव्हाचं. थोड्या अंतरावर एल त्रान्सितो, तीही मूळची सिनेगॉगच. पेद्रो राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यावर ती उभारली. बाहेरून विटांची साधी भिंत. आत गेलं की भिंतीभर चुन्याच्या गिलाव्यातलं कोरीवकाम, त्यात हिब्रू स्तोत्रं, अरबी अक्षरं आणि कास्तीयचे किल्ले-सिंह एकमेकांच्या शेजारी, वर लाकडी छत. काही वर्षांतच राजाची मर्जी फिरली. खजिनदार कैदेत पडला आणि छळ सोसून मेला. १४९२ मध्ये तर साऱ्या ज्यूंनाच फर्मान निघालं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा.

गेलेल्यांनी घराच्या किल्ल्या बरोबर नेल्या आणि सालोनिका, इस्तंबूल, मोरोक्कोत पिढ्यान्‌पिढ्या जपल्या असं सांगतात. परागंदा झालेल्यांचे काही वंशज थेट कोचीपर्यंत पोहोचले आणि १५६८ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या परदेशी सिनेगॉगशी त्यांचं नातं जुळलं. स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून या लोकांच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली, तीही काही वर्षांपुरती. त्या वस्तीत एखादं खूप जुनं कुलूप दिसलं की मी नकळत भोकाशी वाकून बघत असे. आत अंधारच असायचा. पण कारागिरी टिकली म्हणून माणसांना हाकलल्याचं दुःख फिटत नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

कॅथीड्रलची दारं हा स्वतंत्र विषय आहे, त्यातलं एकच सांगते. दक्षिणेचं सिंहद्वार पंधराव्या शतकात हानेकिन दे ब्रुसेलासच्या देखरेखीखाली झालं. नावाप्रमाणेच तो ब्रुसेल्सकडचा, म्हणजे इथेही परक्या गावचे हात. त्याची ब्राँझची कवाडं पुढच्या शतकात फ्रान्सिस्को दे बियाल्पांदोने घडवली. हाच माणूस आतल्या मुख्य वेदीपुढची उंच जाळी करतो, आणि हाच १५५२ मध्ये इटालियन स्थापत्यकार सेर्लियोचा ग्रंथ स्पॅनिशमध्ये आणून तोलेदोतच छापवतो. हातोडा धरणारे हात लेखणीही धरत होते, हे वाचल्यापासून ती कवाडं मला अधिकच आवडू लागली. ब्राँझवरची पानं-फुलं, चेहरे, पशू इतके बारीक आहेत, की सकाळचं तिरकं ऊन पडतं तेव्हाच ते नीट उठतात.

सगळी दारं काही पाहण्यासाठी नसतात. मठांच्या भिंतींत एक लाकडी पिंप असतं, उभ्या आसावर फिरणारं, त्याला तोर्नो म्हणतात. आतल्या जोगिणी जगाला तोंड दाखवत नाहीत. घंटा वाजवायची, आतून आवाज येतो, काय हवं ते सांगायचं, पैसे पिंपात ठेवायचे. पिंप फिरतं आणि बदाम-साखरेच्या मासापानची पेटी समोर येते. वर्षानुवर्षं हात घासून त्या लाकडाची कड मऊ झालीय. आवाज म्हातारा होता, पण खणखणीत. पेटी उघडून मी तिथेच पायरीवर बसून एक खाल्लं, आणि अजून एक घेतलं.

एका गल्लीत कवाड बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलं होतं. पावसाचं पाणी उडून उडून तळाची फळी कुजली होती. सुताराने ती कापून काढली होती आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा तो रंध्याने उतरवत होता. निघालेले जुने खिळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, कुठला कुठे बसायचा त्या क्रमाने. एखादा वाकडा झाला असेल तर दगडावर ठेवून हलक्या हाताने सरळ करायचा, पुन्हा ओळीत ठेवायचा. घरमालकीण दाराजागी उभी राहून त्याच्याशी भराभर बोलत होती. मला फारसं कळत नव्हतं, खिळा जुनाच घाल एवढं मात्र समजलं. संध्याकाळी तिथूनच परतले तेव्हा कवाड जागेवर चढलं होतं. खालची फळी पांढुरकी, वरच्या फळ्या काळ्याभोर, खिळ्यांची रांग मात्र अखंड. बाई चिंधीने जवसाचं तेल चोपडत होत्या, आणि मी बोट लावायच्या आत त्यांनी हाताने थांबवलं, ओलं आहे म्हणून.