स्वप्नातले बावखल

नोव्हेंबर महिना उजाडला की वसईतील आमच्या गावात दफनभूमीची साफसफाई सुरू होते, थडग्यांवर फुले चढतात, मेणबत्त्या लागतात. आणि दिवंगत माणसे झोपेतही अधिक वेळा भेटू लागतात. आमच्या स्वप्नात आई येते. आजच्या फ्लॅटमध्ये मात्र ती कधीच येत नाही. ती दिसते आमच्या बालपणीच्या कौलारू घरी. अंगणात सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी उन्हात वाळत असतात, बागेला पाणी पुरवणारे बावखल काठोकाठ भरलेले असते आणि आई आमच्याकडे पाठ करून त्याच्या काठाशी उभी असते. आम्ही हाक मारतो. ती वळत नाही.

ते घर आता नाही. वाडी विकली गेली, बावखल भरावाखाली बुजले, त्या जागी इमारत उभी राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी आई देवाघरी गेली.

"मृत माणूस पाठमोरे दिसले, तर आत्मा तळमळतो आहे असे समजावे," एक वृद्ध शेजारीण म्हणाली. थोरल्या बहिणीलाही असेच स्वप्न पडत असे. ती स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या कुणाकडे तरी जाऊन आली. घर विकण्यात ज्याने पुढाकार घेतला त्याच्यावर आई रुसली आहे, असा अर्थ तिला मिळाला. पुढाकार धाकट्या भावाचा होता. झाले! सख्ख्या बहीणभावांतले बोलणे थांबले.

अखेर आम्ही धर्मगुरूंपुढे मन मोकळे केले. त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही. संत अगस्तीनची हकीगत सांगितली. त्याची आई संत मोनिका 387 साली ऑस्तिया येथे निवर्तली. मुलाच्या ओढीने ही माउली आफ्रिकेहून समुद्र ओलांडून इटलीला गेली होती. पुढे बिशप झालेल्या अगस्तीनने मृतांसाठी आपण काय करावे यावर एक प्रबंध लिहिला. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा, की मृतांना आपल्या इच्छेने स्वप्नात येता आले असते, तर माझ्या आईने एकही रात्र चुकवली नसती. तेथेच तो आणखी एक प्रसंग सांगतो. कार्थेजमधील त्याच्या एका शिष्याला सिसरोच्या ग्रंथातील अवघड उतारा उलगडत नव्हता; अगस्तीनने स्वप्नात येऊन तो समजावला. प्रत्यक्षात अगस्तीन तेव्हा समुद्रापलीकडे मिलानमध्ये होता आणि त्याला याची गंधवार्ताही नव्हती. जिवंत माणूस असा नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात दिसतो, तर मृताचे दिसणे हा त्याचाच निरोप कसा मानावा? देवाच्या इच्छेने तसे घडू शकते, हे तो नाकारत नाही. परंतु मृतांना उपकारक ठरतात ती मिस्सा, प्रार्थना आणि दानधर्म, हे तो निक्षून सांगतो.

"मग आमची आई पाठमोरी का, फादर?"

"तिच्याशी तुमचे काय बोलायचे राहिले आहे?" त्यांनी उलट विचारले.

आम्ही निरुत्तर झालो, कारण उत्तर आम्हांला ठाऊक होते. बावखल बुजवण्याआधी आई म्हणाली होती, "एकदा मला तिथे घेऊन चल रे. पाणी बघून येते." आम्ही म्हणालो होतो, "पुढच्या रविवारी." तो रविवार आलाच नाही, त्याआधी मातीचे ट्रक आले.

त्या संध्याकाळी आम्ही बहिणीला आणि भावाला घरी बोलावले आणि हे सारे सांगून टाकले. बहिणीने पदर डोळ्यांना लावला. आईने तिलाही हेच सांगितले होते. भाऊ बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मला तर तिने दोनदा सांगितलं होतं, बाय." कितीतरी महिन्यांनंतर त्याने बहिणीला हाक मारली होती.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही तिघांनी मिळून आईसाठी मिस्सा अर्पण केली आणि तिच्या थडग्यापाशी एकत्र जपमाळ म्हटली.

स्वप्न अजूनही पडते. आई अजून वळलेली नाही. आम्ही आता त्याचा अर्थ कुणाला विचारत नाही. उठून तिच्यासाठी प्रार्थना करतो आणि उजाडताच भावंडांची विचारपूस करतो. पुढच्या रविवारवर काही ठेवत नाही.