कमावत्या मुलाची पदविका

ती. ताईस,


हाताला काम आहे, चार पैसे मिळतात, मग आता पुन्हा वह्या-पुस्तकं कशाला, असं तू फोनवर विचारलंस. त्यावर घाईत बोलायला नको वाटलं, म्हणून लिहितोय. भाच्याला काम न सोडता इलेक्ट्रिकलची पदविका करायची आहे आणि ती त्याने करावी, असं मला मनापासून वाटतं.

वीजतंत्रीचा दोन वर्षांचा आयटीआय त्याने केला आहे. वायरिंगही नेटकं करतो. पण गुहागरात विजेचं काम म्हणजे खारा वारा, जांभा आणि वाळू यांच्याशी गाठ. आगरातल्या विहिरीवरच्या पंपाचंच घे. मोटारीचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागली. मे महिन्यात जमीन कोरडी पडल्यामुळे अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला आहे, असं धर. २३० व्होल्टला ५० ने भागलं की येतात ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा रोजचाच भार वाटतो. तो पडत नाही आणि पंपाच्या बॉडीत वीज तशीच खेळत राहते. ओल्या पायांनी शिंपण करणारा माणूस त्या बॉडीलाच हात लावतो! तिथे ३० मिलिअँपिअरची गळती ओळखणारा आरसीसीबी असेल, तर तो त्याआधीच पुरवठा तोडतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरायचं, उन्हाळ्यात पाणी ओतायचं, हे भाच्याच्या हाताला ठाऊक आहे. रोध किती चालेल, तो मोजायचा कसा, जोडणी द्यायला नकार कधी द्यायचा, हे त्याला अजून शिकायचं आहे. दिवसा पडलेल्या प्रश्नाचं गणित संध्याकाळी वर्गात सुटावं, हे भाग्य पूर्णवेळ शिकणाऱ्यालाही लाभत नाही.

असं शिकणारा तो पहिला नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये. त्याच्याही आधी लंडनला पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरेडे संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला जाई. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग, आणि ती त्याचा थोरला भाऊ भरत असे. त्याच फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन सिद्ध केलं. तुमच्या अंजनवेलच्या प्रकल्पातली जनित्रं त्याच तत्त्वावर चालतात.

अंजनवेल म्हटल्यावर तुझ्या मनात काय येतं, ते मी जाणतो. १९९९ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ मध्ये ठप्पही झाली. रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी २००५ मध्ये आली, तोवर पंचक्रोशीने हातातला रोजगार गेलेला पाहिला. म्हणूनच भाच्याची पात्रता एका कारखान्याच्या फाटकाशी बांधलेली नको. पदविका त्याच्याबरोबर कुठेही जाईल.

अडचण आहे ती वेगळीच. २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काम करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग चालवायला मान्यता दिली, पण त्यासाठी नोंदणीकृत आस्थापनेतला किमान वर्षभराचा अनुभव हवा आणि नोकरीचं ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतरात हवं. घरोघरी वायरिंग करणाऱ्या पोराला हा अनुभव कागदावर दाखवता येत नाही. ज्याला या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. तालुक्यातच वेळणेश्वरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. चिपळूण-रत्नागिरीला चौकशी करण्याआधी असे वर्ग तिथे आहेत का, ते त्याने स्वतः जाऊन विचारावं. आयटीआयच्या आधारावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, हेही विचारू दे.

सध्या तो ज्या कंत्राटदाराकडे जातो, त्याने भाच्याचं नाव पगारपत्रकावर घ्यायला हवं. मी मे महिन्यात येतोच आहे, त्याच्याशी मीच बोलेन. तू फक्त आयटीआयच्या गुणपत्रिका, व्यवसाय प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेव. पहिल्या वर्षाची फी मी भरतो, त्यावर वाद घालू नकोस.

तुझा भाऊ