वाघाची कॅसेट

लहानपणी जे आपल्याला फार मोठे वाटलेले असते, ते मोठेपणी पुन्हा पाहायला जाऊ नये, असे जाणती माणसे सांगतात. शाळेचे पटांगण काय, आजोळची पडवी काय, पुन्हा पाहिली की धुतलेल्या सुती सदऱ्यासारखी आखडलेली दिसतात. म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मोगलीची जुनी मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा मी ती मुद्दाम पाहिली नाही. निदान कारण तरी मी हेच सांगत असे. खरे कारण आमच्या चिपळूणच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून होते.

गेल्या मे महिन्यात ते हाताला लागलेच. काळी व्हिडिओ कॅसेट, १८० मिनिटांची. तिच्या पाठीवर दोन चिठ्ठ्या. खालची छायाचित्रकाराच्या वळणदार अक्षरांत : 'शुभविवाह, मे १९९३'. तिच्यावर तिरकी डकवलेली दुसरी, तीवर एकच शब्द : 'वाघ'. हे दुसरे अक्षर माझे.

लग्न आत्याचे. त्या काळी आमच्या आळीत व्हीसीआर एकच, तो आमच्या घरी. काकांनी मस्कतहून आणलेला. त्याच सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' सुरू झाले होते. मालिका मूळची जपानी, निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली काढलेली, बावन्न भागांची. आमच्याकडे ती हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाला आवाज कुणाचा? साक्षात नाना पाटेकरांचा! तो वाघ पहिल्यांदा बोलला तेव्हा मी आजोबांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला होता. भीती वाटे, आणि तीच भीती पुन्हा पुन्हा हवीहवीशी वाटे. रविवार मात्र आठवड्यातून एकदाच येई. मग कुणाच्याही मनात येईल तेच माझ्या मनात आले : वाघ कॅसेटीत कोंडून ठेवावा.

कोरी कॅसेट मागण्याची छाती नव्हती. वडिलांनी तिच्याऐवजी उजळणीचे पुस्तक आणून दिले असते. घरात कॅसेटी तीन. दोन सिनेमांच्या, काकांनी मोजून ठेवलेल्या, तिसरी लग्नाची. नको असलेले मुद्रण तीवर होऊ नये म्हणून कॅसेटीच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी टिकली असते. ती मोडून टाकली की यंत्र नवे काही उतरवून घेत नाही. छायाचित्रकाराने ती मोडली होती. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसते, हे ज्ञान मला एका मोठ्या मुलाने दिले होते. वडील रविवारी सकाळी बाजारात जात. मी पट्टी लावली. तीन रविवार, तीन भाग. जाहिरात आली की बटण दाबून थांबवायचे, मालिका आली की पुन्हा सोडायचे. लग्न दोन तासांचे होते. पैकी सुमारे सव्वा तास मोगलीने खाल्ला.

नेमके काय गेले? तर सीमंतपूजन, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी. म्हणजे लग्नच. हे मला तेव्हा कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. कळत होते, म्हणून तर कॅसेट माळ्यावर गेली. पुढे यंत्रही बिघडले आणि विषय मिटला. मी आत्यासमोर तीस वर्षे तसा निर्धास्त वावरलो.

मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. आत्याचे घर बाजारपेठेत, तळमजल्यावर. माणसे वर चढून वाचली. चिखल उपसताना लग्नाचा अल्बम सापडला तो लगद्याचा एक गोळा होऊन. आत्याने तो घमेल्यात टाकला आणि पुढच्या कपाटाकडे वळली. मी घमेले उचलणारा होतो. आता तिच्या लग्नाचे उरले ते आमच्या माळ्यावर, वाघाच्या पोटाखाली.

व्हीसीआर बनवणारा शेवटचा जपानी कारखानाही २०१६ साली थांबला. तेव्हा ती कॅसेट बघायची कशावर? शेवटी रत्नागिरीत एक गृहस्थ भेटले. जुनी यंत्रे त्यांनी पोटच्या पोरांसारखी सांभाळली आहेत. कोकणातल्या दमट हवेने फितीला पांढरी बुरशी धरली होती. ती पुसून त्यांनी सगळे पेनड्राइव्हवर उतरवून दिले. "चिकटपट्टी बिकटपट्टी होती का हो हिच्यावर?" मी भीत भीत विचारले. "नाही बुवा, भोक उघडंच होतं," ते म्हणाले. डिंक वाळून पडली असेल, असे मला वाटले.

आत्याला बोलावले. मुलेही जमली. आधी कबुली द्यावी असे योजले होते. तोंडातून शब्द फुटेना, तोवर मुलीने ते सुरूही केले.

वाघ आला. आणि काय सांगू! तो हलतच नव्हता. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. मालिकेत एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन चौकटींना पुरवतात, हे मला आता ठाऊक आहे. सारा देह दगडासारखा स्थिर, जबडा तेवढा वरखाली होतोय. तीच झाडे पुन्हा पुन्हा मागे सरकताहेत. "बाबा, लाल पांडा तर हिमालयात असतो ना? तो मध्य प्रदेशात कसा?" माझ्या मुलीने विचारले. बरोबरच होते. किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात, शिवनीच्या त्या रानात, पांडाही नाही आणि मोगलीच्या हातातले बूमरँगही नाही. मी सगळ्याला माना डोलावत होतो. तेवढ्यात वाघ बोलला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. भीती चित्रात नव्हतीच. ती आवाजात होती, आणि आवाज मुळीच आखडला नव्हता.

दर जाहिरातीच्या जागी कुठल्याशा साबणाचा किंवा बिस्किटाचा अर्धा शब्द येई आणि तुटे. तिथे माझे दहा वर्षांचे बोट उशिरा पडले होते.

तिसरा भाग संपला. पडद्यावर रंगीत मुंग्या आल्या, चित्र फाटले, आणि एकदम उन्हाचा मांडव! पंगत उठलेली. आजोबा उपरणे खांद्यावर टाकून उरलेल्या बुंदीच्या पराती मोजताहेत. मग पाठवणी. जीपपाशी आत्या. कॅमेऱ्याचा प्रखर दिवा आजोबांच्या तोंडावर आला, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला आणि "दिवा तिकडं घ्या हो, तिकडं," असे काहीसे पुटपुटले. आजोबांचा चालताबोलता असा एवढाच ठेवा. १९९४ च्या पावसाळ्यात ते गेले.

"आत्या," मी म्हणालो, "आधीचं लग्न मी पुसलं."

"माहीत आहे रे. बाबा गेले त्या वर्षी भाऊबीजेला आले होते ना, तेव्हा दुपारी सगळी निजली असताना लावली होती मी. म्हटलं, बाबा दिसतील. तर हा वाघ! पुढं पळवायचं कसं ते मला कुठं ठाऊक? बसले आपली बघत. तास गेला, सव्वा गेला, आणि मग बाबा आले."

"बोलली नाहीस कुणाला?"

"दादाने तुला फोडून काढला असता. ती चिकटपट्टी तेवढी नखानं काढून टाकली. म्हटलं, उरलंय ते तरी राहू दे."

मुलांनी आजोबांचा तुकडा पुन्हा लावला. आत्या चष्मा पुसत होती. मी चहा टाकायला उठलो, तर तिने मागून हाक मारली.

"काय रे, त्या वाघाचं पुढं झालं काय? तीन भागांत काहीच नाही कळत. तेव्हापासून विचारीन म्हणते तुला."