आमच्याकडचा खिमा, आपल्याकडचा खिमा

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन वेगळी सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत ही सोय नाही, प्रमाण हिंदीतही नाही. शाळेत हा भेद एका वाक्यात आटोपतो. त्याचा खरा तास भरतो तो स्वयंपाकघरात. नवी सून फोडणीला हात घालते आणि मागून आवाज येतो, ‘‘आमच्याकडे मटणाला हिंग नाही घालत हो.’’ वाक्य पाककृतीविषयी असते. तिला ऐकू येते ते सर्वनाम.

घराण्याची म्हणून जी पाककृती सांगितली जाते, ती त्या घराण्यात जन्मलेल्यांनी क्वचितच केलेली असते. मुली लग्न होऊन जातात, मुलगे चुलीपाशी फिरकत नाहीत. पदार्थ करतात, राखतात आणि बदलतात त्या दुसऱ्या घरांतून आलेल्या बायका. वंशावळीत ज्यांची माहेरची नावे पुसली जातात, त्यांच्याच हातून घराची चव पुढे जाते. आम्हां पाच सख्ख्या-चुलत भावंडांना हे पुस्तकांतून कळले नाही. घरच्या खिम्यावरून कळत गेले.

आमचे घर ठाण्याचे, खोपटचे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे घर म्हटले की लोकांना निनाव, कानवले, वालाचे बिरडे, सोड्यांची खिचडी एवढे आठवते. आमच्याकडे रविवारचा मान मात्र खिम्याच्या रश्श्याला. हा खिमा कोरडा नसतो. त्याचा रस दाट, पळीवाढा असतो आणि ताटात भाताभोवती आळे करून थांबतो. गेली चाळीसहून अधिक वर्षे तो मोठ्या काकूच्या हातचा आहे. आणि मोठ्या काकूने आजवर मांस जिभेला लावलेले नाही.

काकू १९७४ साली या घरात आली ती डोंबिवलीच्या एका कडकडीत शाकाहारी घरातून, स्वतःच्या पसंतीने लग्न करून. आजीने तिला मांसाहाराचा आग्रह केला नाही, आणि मांसाच्या भांड्यांना हात लावण्याची सक्तीही केली नाही. पण पुढे आजीची बोटे संधिवाताने आखडली आणि वरवंटा उचलेना, तेव्हा काकूने आपणहून पाट्यासमोर बैठक मारली. सुरुवातीला ती वाटण तेवढे करून देई. मग कांदा परतून देऊ लागली. मग एका रविवारी आजी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून नुसती सांगत राहिली आणि पातेले शेवटपर्यंत काकूने सांभाळले. हे हस्तांतर कोणी जाहीर केले नाही. मात्र त्यानंतर कधीतरी शेजारणीने कृती विचारली, तेव्हा काकू सहज म्हणाली, ‘‘आपल्याकडे आंबट अगदी शेवटी घालतात.’’ आजी समोरच होती. तिने ते ‘आपल्याकडे’ ऐकले आणि लसूण सोलत राहिली.

न चाखता काकू हे करते कसे, असे पाहुणे विचारतात. उत्तर कृतीतच आहे. अर्धा किलो खिमा चाळणीत धुऊन पूर्ण निथळायचा. त्याला आले, लसूण, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे हिरवे वाटण, हळद, मीठ चोळून तासभर ठेवायचा. पातेल्यात तेलावर लवंग-दालचिनी, मग बारीक चिरलेला कांदा. तो सोनेरी झाल्यावर खिमा. यापुढचा भाग कानाने करायचा. खिम्याला पाणी सुटते, तेव्हा पातेल्यातून जाड, ओलसर खदखद ऐकू येते. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही आणि मांस नुसते शिजते. त्याला रंग येत नाही. पाणी आटत आले की आवाज बारीक होतो, मग चुरचुर सुरू होते. आता तेलाचे राज्य आले, मांस परतले जाऊ लागले. ही चुरचुर किती वेळ चालू द्यायची, यात सगळी विद्या आहे. त्यानंतर झाकणावर पाणी ठेवून मंद आच. तेच कोमट झालेले पाणी लागेल तसे आत. भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे तपकिरी वाटण नंतर. कडेला तेल सुटले की आंबट. वर झाकण, खाली उतरवायचे.

रंग डोळ्याला कळतो, मसाला नाकाला, पाणी कानाला. राहिले मीठ. त्यासाठी आम्ही होतो. काकू हाक मारी, ‘‘मीठ बघा रे,’’ आणि जो हाताशी असेल त्याच्या तळव्यावर पळीच्या टोकाने दोन थेंब ठेवी. आम्ही चाटायचो आणि निकाल द्यायचो. तो ती शंका न घेता मानी. लहानपणी हा आम्हांला खाऊ वाटे. पुढे लक्षात आले की एका मोठ्या माणसाने आपली जीभ आमच्याकडे सोपवली होती, आणि दहा वर्षांच्या पोराच्या शब्दावर अख्ख्या घराचे जेवण सोडले होते.

आता वहीविषयी. घरात एक जुनी जमाखर्चाची वही आहे. तिच्यात खिम्याची कृती तीन हस्ताक्षरांत तीनदा लिहिलेली आहे. पहिले आजीचे: ‘आठ आण्यांचा खिमा, मूठभर कोथिंबीर, पेराएवढे आले, आमसुले चार.’ १९५७ साली नवे पैसे आले आणि ‘आठ आण्यांचा खिमा’ हे माप वाचता येईनासे झाले. दुसरे आमच्या आईचे: वाटीचमच्यांचे माप, आमसुलांवर काट आणि वर ‘टोमॅटो दोन, लाल’. तिसरे काकूचे. तिने टोमॅटो ठेवला, आमसुले परत आणली आणि समासात ‘आवाज बदलेपर्यंत’ एवढेच लिहिले.

जुन्या ग्रंथांच्या पोथ्या पाहिलेल्यांना हा प्रकार अनोळखी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद माजले होते म्हणून. मूळ एकच आहे आणि ते गाळ काढून मिळवता येते, हा विश्वास त्या कामामागे होता. खिम्याच्या बाबतीत हा विश्वास टिकत नाही. आजीचा पाठ मूळ मानावा, तर आजीही अलिबागकडच्या माहेराहून आली होती आणि आमसुले बहुधा तिनेच आणली. तिच्या सासूचा खिमा कसा होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शिवाय हिरवी मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडांतून समुद्रमार्गे आलेली. पोर्तुगीज येण्याआधी या किनाऱ्यावर मिरचीचे नाव नव्हते. शोधत मागे गेले की दरवेळी दार उघडते आणि बाहेरून कोणीतरी आत येताना दिसते.

छापील पुस्तकांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा यांना प्रमाण केले, त्यामुळे सासूजवळ उभे न राहताही मुलीला स्वयंपाक शिकता येऊ लागला. ही मुक्ती लहान नव्हती. ‘आमच्याकडे’ हा शब्द न ऐकता शिकण्याची ती पहिलीच सोय होती.

हा सगळा विचार निकडीचा झाला तो २०२१ साली. करोनातून काकू बरी झाली, पण तिला वास येणे थांबले. महिने गेले, ते परतले नाही. चव पहिल्यापासून नव्हती, आता नाकही नाही. राहिले डोळे आणि कान. दोन रविवार तिने कानावर भिस्त ठेवून खिमा केला. तो उत्तम झाला होता. तरी तिसऱ्या रविवारी तिने पळी धाकट्या सुनेच्या, म्हणजे आमच्या पुतण्याच्या बायकोच्या, हाती दिली.

धाकटी सून कोल्हापूरची. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली, नोकरी करणारी, वजनकाटा वापरणारी. ती रविवारी दुप्पट खिमा करते, अर्धा डब्यांत भरून गोठवते आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिसातून आल्यावर पास्ता उकडून त्यावर घालते. आमच्यातल्या दोघांनी नाक मुरडले. गव्हाच्या शेवयांची खीर मराठी घराला ठाऊक आहे, कोकणात नारळाच्या गोड रसातले शिरवाळे आहेत. पण शेवईच्या जातीच्या पदार्थावर मांसाचा रस ही आपली रीत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ‘‘हा आमच्या घरचा खिमा राहिला नाही,’’ असेही एकाने म्हटले.

पण ज्या देशाचा पास्ता, तिथे तरी रीत पक्की आहे का? इटलीतल्या बोलोन्या शहराचा मांसाचा रस, रागू, जगभर प्रसिद्ध आहे. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या पाकशास्त्र अकादमीने त्याची कृती शहराच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवली, आणि २०२३ साली तीच कृती सुधारून पुन्हा नोंदवावी लागली. त्याआधी १८९१ साली पेल्लेग्रीनो आर्तुसी याने आपल्या पाकग्रंथात बोलोन्याच्या पद्धतीचा मांसरस दिला. त्यात टोमॅटो नाही. हा आर्तुसी मोठा मनोरंजक गृहस्थ. त्याचा ग्रंथ ४७५ कृतींनी सुरू झाला आणि आवृत्त्या निघत निघत ७९० वर गेला. त्यातल्या पुष्कळ कृती ठिकठिकाणच्या गृहिणींनी पत्रांतून कळवलेल्या होत्या. ग्रंथावर नाव त्याचे. मात्र मृत्युपत्रात त्याने ग्रंथाचे उत्पन्न आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या दोघांना, मारिएत्ता आणि फ्रांचेस्को यांना, दिले. आमच्या घराण्याने कोणत्याही सुनेला एवढे दिलेले नाही.

नाक मुरडणाऱ्या दोघांना काकूने काही सुनावले नाही. ती पास्ताही जेवली, अर्थात नुसता, लोणी-मिरपूड घालून. मात्र पुढच्या रविवारी ओट्याशी उभी राहून तिने धाकट्या सुनेला पातेल्यावरचे झाकण काढायला लावले आणि म्हणाली, ‘‘ऐक. आत्ता पाणी आहे. आता... आता गेलं.’’ असे तिने चार रविवार केले. पाचव्या रविवारी ती बाहेरच्या खोलीत बसून राहिली.

आज आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत आहे. घर तीन ठिकाणी वाटले जाईल. एक बिऱ्हाड घोडबंदर रोडला, एक डोंबिवलीला, एक भाड्याने खोपटलाच. पाटा-वरवंटा कोणाच्याच नव्या ओट्यावर मावत नाही. वही कोणाकडे जावी, यावर आम्हां भावंडांत जरा ताणाताणी झाली. प्रत्येकाचा दावा रक्ताचा होता, आणि पाचांपैकी एकालाही तो खिमा करता येत नाही. काकूने वही उचलली आणि धाकट्या सुनेला दिली. आमच्यातल्या कोणाला त्यावर बोलता आले नाही, कारण बोलायला अधिकार लागतो आणि तो पातेल्यापाशी मिळवावा लागतो.

परवा आम्ही ती वही पाहिली. काकूच्या पानानंतर चौथे हस्ताक्षर आले आहे, नेटके, उभे, निळ्या शाईतले. खिमा ५०० ग्रॅम, आले १५ ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, आमसुले ३, टोमॅटो १. प्रत्येक जिन्नसापुढे वजन आहे. काकूचे ‘आवाज बदलेपर्यंत’ जसेच्या तसे उतरवलेले आहे. आणि मिठापुढे, जिथे आजी, आई आणि काकू या तिघींनीही काहीच लिहिले नव्हते, तिथे लिहिले आहे: ‘घरातल्या लहानाला विचारून.’